लॅबमधला एक तरी संगणक बोलता करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पूर्ण अंध आहे आणि प्रोग्रॅमिंग हेच माझे पोटापाण्याचे काम आहे. सी आणि जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषा येत होत्या, आता पायथॉन ही भाषा शिकतो आहे. साताऱ्यातल्याच एका क्लासमध्ये चौकशी केली, तेव्हा सरांनी सरळ सांगितले, ‘पायथॉनमध्ये सगळा खेळ ओळीआधीच्या मोकळ्या जागेचा असतो. ती दिसायला हवी. तुम्हाला जमणार नाही.’ बोलण्यात हेटाळणी नव्हती, काळजीच होती. पण ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी होतकरू मुले दारातूनच परत जातात, म्हणून हे लिहितो आहे.

कुठली ओळ कुठल्या लूपच्या (म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या गटाच्या) आत आहे, हे पायथॉनमध्ये ती किती आत सरकली आहे यावर ठरते, हे खरे. पण ते डोळ्यांनीच कळते असे कुठे आहे? एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो. त्याच्या सेटिंगमध्ये ही मोकळी जागा शब्दांत किंवा सुरात ऐकवण्याची सोय आहे. मी सूर लावून ठेवतो. खालचा बाण दाबत गेलो की फंक्शनच्या पहिल्या ओळीला खालचा सूर, आत लूप सुरू झाला की त्याहून वरचा, लूपमधल्या ‘इफ’ या अटीच्या आत आणखी वरचा. एखादी ओळ चुकून बाहेर राहिली, तर सूर तिथेच उतरतो आणि रन करण्याआधीच चूक कळते. मूळ सेटिंगमध्ये कंस आणि कोलन वाचले जात नाहीत. इन्सर्ट धरून पी दाबत गेले की ‘सर्व चिन्हे’ हा पर्याय येतो. एवढी एक गोष्ट कोणी सांगितली नाही, तर नवशिका दिवसभर एकाच एररशी झगडत बसतो.

एनव्हीडीएचे काम ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध तरुणाने 2006 मध्ये सुरू केले. पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. आणि हा एनव्हीडीए लिहिला आहे मुख्यतः पायथॉनमध्येच! इतक्या लांब तरी कशाला जायचे? आपल्या पुण्यात जन्मलेल्या टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी गेली. मुंबईच्या आयआयटीतून ते कॉर्नेलला गेले आणि 1995 मध्ये त्यांनी ईमॅकस्पीक हे कोड, म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळी, बोलून दाखवणारे साधन जगाला दिले. त्यामुळे ‘जमेल का’ हा प्रश्न निकालात निघून तीस वर्षे झाली.

अडचण आहे ती वर्गात निवडल्या जाणाऱ्या साधनांची. पायथॉनबरोबर येणारा आयडल हा एडिटर (कोड लिहायचे साधन) सोपा म्हणून पहिल्याच दिवशी उघडायला लावतात, पण त्यात लिहिलेला कोड स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. अनेक कॉलेजांत अजून डॉसबॉक्समध्ये (जुने प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनात) चालवले जाणारे टर्बो सी हे सी शिकवायचे जुने साधन तर स्क्रीन रीडरच्या दृष्टीने निव्वळ एक चित्र आहे. याउलट व्हीएस कोड हा एडिटर फुकट आहे आणि स्क्रीन रीडरबरोबर उत्तम चालतो. एफ8 दाबले की कर्सर थेट पुढच्या एररवर जातो आणि ती एरर वाचून दाखवली जाते. तेही नको असेल तर साधे नोटपॅड आणि कमांड प्रॉम्प्ट पुरते. डोळस मुलांचे यात काहीही बिघडत नाही. आणखी एक विनंती शिक्षकांना: कोडचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. आम्हाला तिथे फक्त ‘इमेज’ एवढेच ऐकू येते. तोच कोड टेक्स्ट फाइल म्हणून पाठवायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

परीक्षेची कथा याहून वाईट आहे. प्रोग्रॅमिंगच्या पेपरला लेखनिक दिला जातो. ज्याला प्रोग्रॅमिंगचा गंध नाही अशा मुलाला ‘कंस सुरू, कंस पूर्ण, कोलन, पुढची ओळ, चार स्पेस’ असे सांगत बसायचे आणि त्याने काय लिहिले ते स्वतःला तपासता येत नाही. गुण मग कोणाचे मोजले जातात? केंद्र सरकारच्या 29 ऑगस्ट 2018 च्या मार्गदर्शक सूचनांतच संगणकावर परीक्षा देण्याचा पर्याय दिला होता, आदल्या दिवशी तो संगणक तपासून पाहण्याची मुभाही होती. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निकाल दिला. कागदावर सगळे आहे. लॅबमध्ये यायचे राहिले आहे.

‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे कर्मवीर अण्णांच्या (भाऊराव पाटलांच्या) रयत शिक्षण संस्थेचे वाक्य या जिल्ह्यात पोरासोरांना पाठ आहे. माझी मागणी त्याच मापाची आहे. प्रत्येक कॉलेजने आणि क्लासने आपल्या लॅबमधल्या निदान एका संगणकावर एनव्हीडीए टाकावा, शिकवण्याचा एडिटर ठरवण्याआधी माउस बाजूला ठेवून तो नुसत्या कीबोर्डवर चालवून बघावा आणि प्रॅक्टिकलला अंध विद्यार्थ्याला स्वतः टाइप करू द्यावे. एनव्हीडीए उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत, वेळही फार लागत नाही. ज्या शिक्षकांना हे प्रत्यक्ष बघायचे असेल, त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयात निरोप ठेवावा. मी लॅपटॉप घेऊन येईन आणि स्पीकर लावून, सगळ्या वर्गासमोर कोड लिहून दाखवीन.

आपला,
एक अंध प्रोग्रामर,
शाहूपुरी, सातारा