तंजावरला निघण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवरच सांगणार होते, तीनदा लावला पण, आणि तिन्ही वेळेला आंब्याची पेटी, नळाचं टायमिंग आणि शेजारच्या काकूंचा गुडघा एवढंच बोलून ठेवून दिला. म्हणून लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय, म्हणजे बाबांना भिंगाशिवाय वाचता येईल, नाहीतर आई तू मोठ्याने वाचून दाखव, पण सगळं वाच, मधलं गाळू नको.

सरळच सांगते, मी अकरा महिन्यांसाठी तंजावरला चाललेय. कॉलेजातून बिनपगारी रजा मंजूर झालीय, राहायची सोय झालीय, ७ जूनचं तिकीटही काढलंय. म्हणजे हे तुम्हाला विचारणारं पत्र नाहीये, ते मला कळतंय आणि गेले पंधरा दिवस तेच आत कुठेतरी टोचतंय. वाईला आले तेव्हा दोन दिवस तोंडाशी आणून गिळलं. तुम्ही दोघंही पटकन "जा" म्हणाला असतात आणि मग मी गेल्यावर ओसरीवर गप्प बसून राहिला असतात, ते मला बघवलं नसतं.

आत्ताच का म्हणाल, तर पीएचडीचं काम तीन वर्षं रखडलंय आणि त्यातले कागद पुण्यात बसून मिळण्यासारखे नाहीत. वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस जाऊन येऊन काही होत नाही, एका लिहिणाऱ्याचा हात, म्हणजे अक्षर, ओळखीचं व्हायलाच दोन आठवडे जातात, तोवर परतीची गाडी. माझेही डोळे आता चाळिशीचे झालेत, पन्नाशीत मी दिवसाला मोडी लिपीतली किती पानं वाचेन माहीत नाही. आणि दादा जूनपासून पुण्यात असणार आहे, दर शनिवारी तो वाईला येणार, हे मी त्याच्याकडून वदवून घेतलंय, लेखी. मी हे सगळं तुम्हाला पटवायला सांगतेय की मलाच, कोण जाणे.

आई, मी नेमकं काय करणार ते तुला नीट सांगते कारण मागे तू दोनदा विचारलंस आणि मी घाईत "छत्रांचं" एवढंच म्हणाले. रामेश्वराला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या भोसले राजांनी वाटेवर अन्नछत्रं बांधली होती, त्यांचे हिशेब मला बघायचेत, तांदूळ किती, ताक किती, स्वयंपाकाला माणसं किती. १७९९ च्या तहाने राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात गेलं, दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला, मानपान आणि तनखा राहिला. आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आतच, १८०१ च्या जानेवारीत, त्यांनी इंग्रज रेसिडेंटला, म्हणजे कंपनीच्या दरबारातल्या प्रतिनिधीला, पत्र लिहिलंय की बाकी काही करा पण छत्रं चालू राहू द्या. त्यात छत्रांमध्ये काय काय चालतं ते सगळं सांगितलंय, वेद शिकवणारे आहेत, शाळामास्तर आहे, वैद्य आहे, वाटेत आजारी पडलेल्याला औषध मिळतं. आणि त्यातच येतं की परक्या मुलखातून आलेली पोरकी मुलं त्या मास्तरांच्या हवाली करतात, त्यांना दिवसातून तीनदा जेवायला घालतात आणि दर चौथ्या दिवशी तेल लावतात.

तेल लावतात, हे राजाने पत्रात लिहिलंय गं. राज्य गेलेल्या माणसाने, इंग्रजाला. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा लायब्ररीत डोळे पुसत बसले होते, समोरची मुलगी विचारायला लागली काय झालं मॅडम. मला आपली मागची पायरी दिसत होती, रविवारची, तुझ्या गुडघ्यांमध्ये माझं डोकं आणि मांडीशेजारी चौथीच्या वह्यांचा गठ्ठा. एक बोट तेलाच्या वाटीत आणि तोंडाने अफजलखान. खान शामियान्यात आला की तुझे हात थांबायचे, मी मान वर करून बघायचे तर तू समोर भिंतीकडे बघत असायचीस, जणू तिथे प्रतापगडच आहे, वर्गातही तू तशीच थांबायचीस आणि चाळीस पोरं श्वास धरून बसायची. मी आज अकरावीला शिकवते तेव्हा तिथेच थांबते. पोरांना वाटतं मॅडमची स्टाइल आहे.

बाबा, आता तुमच्याशी बोलायचंय आणि हे मला जड जातंय.

गेल्या वेळी पसरणीचे ते गृहस्थ कागद घेऊन आले होते, वतनाचा. तुम्ही खिडकीशी नेलात, तिरका धरलात, मग भिंग घेतलंत, मग परत तिरका धरलात, आणि म्हणालात इहिदे सितैन मया व अलफ, पानिपतचं साल! किती खूश झाला होतात, आतून पेढे मागवलेत. मी फोनवर फोटो काढला होता, रात्री मोठा करून पाहिला. ते सितैन, साठ, नाहीये बाबा, सबैन, सत्तर, आहे. सुहूर सन अकराशे एकसष्ट नाही, अकराशे एकाहत्तर, म्हणजे इसवी १७७०-७१, माधवराव पेशव्यांची शेवटची वर्षं. शाई उडालीय तिथली, कुणालाही चकवेल, मीही दोनदा चुकले. पण तुम्ही चुकला नसतात. ज्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून मेणवलीला नेताना सुहूर सनाचे अरबी आकडे, इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, शिकवले, तिथल्या घंटेपर्यंत पोचायच्या आत तिसैन, नव्वद, आलंच पाहिजे हा आपला नियम, आणि मग ती वसईहून आणलेली घंटा दाखवून १७३९ ची वसईची लढाई सांगितली, ते तुम्ही सबैनला सितैन वाचणार नाही. तुम्हाला दिसत नाहीये. आणि तुम्ही ते आमच्यापासून लपवताय, आईपासून पण.

म्हणून मी आणखी एक ठरवून टाकलंय, रागावू नका. २१ तारखेला साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुमचं नाव नोंदवलंय, मोतीबिंदू, आधी उजवा. मी १९ लाच येतेय, ऑपरेशननंतर निघेपर्यंत घरीच आहे, पहिले सगळे ड्रॉप्स मीच घालणार. अर्धा तास लागतो, त्याच दिवशी घरी. मिरजेच्या वेळचं मनात आणू नका, ते वेगळं होतं आणि त्याला आता वीस वर्षं झाली. आणि तुम्ही "या वयात कशाला" म्हणायच्या आत सांगते, सरफोजीराजांच्या वेळच्या डोळ्यांच्या पेशंटची टिपणंसुद्धा तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलीत, डोळ्यांची रंगीत चित्रं काढलेली, मोतीबिंदूसकट. तेव्हा लोकांनी डोळे पुढे केले, तुम्हाला भूल देऊन, लेन्स बसवून मिळतंय.

आता बाकीचं, आणि यात वाद नको.

स्वयंपाकाला मावशी १ तारखेपासून दोन्ही वेळेला येतील. आई, त्यांच्या मागेमागे उभी राहू नकोस, पोळी जाड झाली तर झाली. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला माणूस येईल, त्याला "नंतर या" सांगायचं नाही. बीपीची गोळी डब्यात वारानुसार भरून ठेवायची, आणि बाबांनी घेतली का ते विचारायचं नाही, डबा उघडून बघायचं. माळ्यावर कुणीही चढायचं नाही. नानांची पेटी मी खाली काढून ठेवते, कागदांना कडुलिंबाचा पाला बदलायचा तो दादा बदलेल. शनिवारचा मोडीचा वर्ग बंद करू नका बाबा, उलट त्या दोन पोरांना लवकर सुरुवात करा, पण ऑपरेशननंतर महिनाभर फळ्यावर तुम्ही लिहायचं नाही, खडूची धूळ उडते. डोक्यावरची रेघ आधी पूर्ण ओढून मग अक्षरं टांगायची, हे तुम्ही खुर्चीत बसून सांगू शकता, हात त्यांचे चालू देत.

माझी काळजी करू नका. घर तळमजल्यावर आहे, घरमालकीणबाई तिथल्याच मराठी, त्यांचं मराठी ऐकून बाबांना वही काढावीशी वाटेल, तमिळ वळणाचं आहे पण मधेच एखादा असा शब्द येतो की जो मी फक्त कागदात वाचलाय. जेवण शाकाहारी, भात तीन प्रकारे. सांबार संभाजीराजांवरून आलं ही गोष्ट त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितली आणि मला तुमचा आवाज ऐकू आला, "कागद दाखवा". दाखवला नाही त्यांनी, पण सांबार फार छान होतं.

आणि जानेवारीत तुम्ही दोघं येताय. पाऊस संपलेला असतो, ऊन बरं असतं, दादा घेऊन येईल, चेन्नईपर्यंत विमानाने, बाबांनी खर्चाचं बोलायचं नाही. नानांच्या आजारपणात तुमची तंजावरची तिकिटं रद्द झाली ती परत कधी काढलीच नाहीत, मला आठवतंय, मी तेव्हा सहावीत होते आणि तुम्ही ती तिकिटं फाडली नव्हती, डायरीत ठेवली होती. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवरचा तो १८०३ चा मराठी लेख, भोसल्यांची सगळी वंशावळ, ओळीवर ओळ, दगडात, तुम्ही पन्नास वर्षं वर्गात सांगितलात तो न बघता. मला तो तुमच्याकडून वाचून घ्यायचाय, माझं बोट फक्त ओळीखाली. आणि मग चर्चमध्ये नेईन, तिथे सरफोजीराजांनी लंडनहून घडवून आणलेलं संगमरवरी शिल्प आहे, त्यांचे गुरू श्वार्ट्झ शेवटच्या आजारपणात अंथरुणावर आहेत आणि राजा त्यांचा हात धरून शेजारी आहे. त्याच्यासमोर मी मागच्या खेपेला बराच वेळ उभी होते. जास्त काही लिहीत नाही त्याबद्दल.

आई, माझ्यासाठी तेलाची बाटली भरून ठेव, जास्वंदाचं, तिथलं मला चालत नाही.

बाबा, सोबत त्या वतनाच्या कागदाचा फोटो मोठा प्रिंट काढून पाठवतेय. आत्ता बघू नका, भिंगाने तर अजिबात नको. ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाली की खिडकीशी बसा, साल वाचा आणि मला सांगा. मी चुकले असेन तर पसरणीच्या गृहस्थांना मीच फोन करेन.

तुमची,
मनू

ता. क. ७ जून मी मुद्दाम निवडला, मृगाला सुहूर सन बदलतं म्हणून. गाडीत बसल्यावर फोन करते, तेव्हा नवीन साल अरबी आकड्यांत म्हणून दाखवायचं, दोघांनीही, आईला पण येतं, ती फक्त सांगत नाही.