भाकरी पौष्टिक खरी, पण 'स्वस्त' कुठं?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरखर्च आटोक्यात ठेवण्यावर लेख आला होता. लेख बरा होता, मी दोनदा वाचला. त्यात मधेच एक वाक्य होतं : 'पोळीऐवजी भाकरी खा, स्वस्त आणि पौष्टिक.' पौष्टिकबद्दल माझी काही तक्रार नाही, ते मी अडुसष्ट वर्षं खाऊन बघितलंय. पण 'स्वस्त' वाचलं आणि मी चष्मा पुसून हिशेबाची वही काढली.

वही म्हणजे खरोखरची वही. १९७७ साली लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हापासून लिहिते. आमचे हे कापड गिरणीत होते. पगाराच्या दिवशी वाण्याची उधारी, घरभाडं, दूधवाला असं सगळं वहीत चढायचं आणि मग उरलेल्या पैशात महिना ओढायचा. पुढं गिरणी बंद पडली, हेही गेले, वही मात्र चालू राहिली. आता सून म्हणते, आई, मोबाइलमध्ये लिहा. मोबाइल माझ्या हातात रात्री नऊनंतर येतो आणि तोवर मी दिवसभराचं विसरलेली असते.

तर वहीतलं सांगते. आम्ही घरात पाच माणसं : मी, मुलगा, सून, नातू आणि नात. महिन्याला पीठ लागतं वीस किलो. किलोभर ज्वारीच्या पिठात माझ्या हाताच्या अकरा भाकरी होतात, किलोभर कणकेत सुनेच्या बावीस पोळ्या. एका भाकरीनं जेवढं पोट भरतं तेवढ्याला दोन पोळ्या लागतात, म्हणजे किलोला किलो बरोबर. गेल्या महिन्यात मालदांडी ज्वारी मी ५६ रुपये किलोनं आणली आणि दुकानातला गहू ३८ नं. पोळीला तेल लागतं, भाकरीला लागत नाही, हे मी विसरलेली नाही. किलोभर कणकेमागं दहा रुपयांचं तेल धरा. तरी गहू ४८ लाच थांबतो. दळणाचे पैसे दोन्हीकडं सारखेच.

किलोमागं आठ रुपयांचाच फरक असता तर मी पत्र लिहायला बसले नसते. पण रेशनवर गहू फुकट मिळतो. आमच्या कार्डावर पाच नावं आहेत, माणशी दोन किलोप्रमाणं दहा किलो गहू येतो, बाकी तांदूळ. म्हणजे महिनाभर पोळ्याच केल्या, तर विकतच्या दहा किलो गव्हाचे ३८० आणि तेलाचे २००, झाले ५८०. महिनाभर भाकरीच केली तर ११२०. फरक ५४० रुपयांचा. त्यात नातवाच्या शिकवणीचे ५०० निघतात आणि वर चाळीस कोथिंबीर-मिरचीला उरतात. भाकरी स्वस्त आहे हे मी त्या शिकवणीवाल्या बाईंना कसं सांगू?

माझं लहानपण मंगळवेढा तालुक्यातलं. काळी जमीन, एका पावसाच्या ओलीवर येणारी शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. पोळी आमच्याकडं सणाला आणि पाहुण्याला. पाहुणा आला की आई पितळी डबा उघडायची, त्यातलं शेर-दोन शेर गव्हाचं पीठ काढायची आणि आम्हा भावंडांना डोळ्यांनी दटावायची, की तुम्ही भाकरीच मागा. आता हेच उलटं झालंय. माझे पुण्याचे भाचे आले की मला म्हणतात, मावशी, पोळी नको, तुझ्या हातची भाकरी दे. मग मी खास मालदांडी आणते, दळून आणते आणि नात विचारते, "आज्जी, आज कोण येणार आहे?"

मागच्या वैशाखात पुण्याला एका लग्नाला गेले होते. मांडवात एका कोपऱ्यात चूल मांडलेली, खोटी, आत गॅसची शेगडीच होती. तिथं नऊवारी नेसवून एका बाईला भाकरी थापायला बसवलं होतं. पनीरपुढं चार माणसं आणि भाकरीपुढं ही रांग. लोक भाकरी घ्यायच्या आधी तिचा फोटो घेत होते. माझं लक्ष तिच्या हाताकडं. पीठ परातीत सुटंच दिसत होतं, कडेला चिरा जात होत्या, तरी भाकरी तुटत नव्हती. पिठाच्या चिकटपणाला आम्ही विरी म्हणतो. मला राहवलं नाही. जवळ जाऊन विचारलं, "बाई, पिठाची विरी गेलीय ना?" ती हसली आणि हळूच म्हणाली, "पंधरा दिवसांचं पीठ दिलंय मावशी. मूठभर कणीक घातलीय, म्हणून थापतंय." म्हणजे लोक रांग लावून ज्वारीची म्हणून खात होते त्या भाकरीला गव्हानं धरून ठेवलं होतं. मी कुणाला बोलले नाही. बाईच्या पोटावर कशाला पाय द्या.

हे विरीचं प्रकरण तुमच्या लेखात नव्हतं, म्हणून लिहिते. गव्हाचं पीठ महिनाभर डब्यात राहतं. ज्वारीचं आठ-दहा दिवसांत जुनं होतं, थापताना मोडतं, मग उकळतं पाणी घालून उकड काढा, काय काय करा. म्हणजे महिन्यात तीन-चारदा दळण. आमची पिठाची गिरणी जिन्यानं दोन मजले उतरून, रस्ता ओलांडून पलीकडं. माझे गुडघे या हिशेबात कुणी धरत नाही. गॅसचंही तसंच, भाकरीला आच मोठीच लागते. आणि वेळ. सून युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात जाते, साडेआठला घराबाहेर. तिघांचे डबे भरायचे असतात. पोळ्या लाटायला ती नातीला पण बसवते, पण भाकरी थापायची तर ज्याचा हात बसलाय त्यानंच. माझं उजवं मनगट आता दहा भाकरींच्या पुढं साथ देत नाही. डब्यातली भाकरी दुपारपर्यंत वातड होते ते वेगळंच. ('सोलापूरची कडक भाकरी' म्हणून जी विकतात ती वेगळी, ती मुद्दाम वाळवतात. ती चांगली टिकते, पण तिचा भाव विचारू नका.)

एका बाबतीत मात्र भाकरीला तोड नाही, शिळेपणात. शिळी पोळी संपवायची तर फोडणी द्यावी लागते, तेल-कांदा-शेंगदाणे घालून ती ताज्या पोळीपेक्षा महाग पडते. शिळी भाकरी ताकात कुस्करली, मीठ घातलं, वर शेंगाची चटणी आणि हातानं फोडलेला कांदा, की झालं. उन्हाळ्यात सकाळी अकराला हे खाऊन आमचे हे पाळीला जायचे. यात बचत आहे हे मी मान्य करते.

मग ज्वारी एवढी वर का गेली? माझा भाऊ अजून शेती करतो. त्याला विचारलं, भाव एवढा आहे तर तू पेरत का नाहीस? २०२४ च्या रब्बीत सरकारनंच मालदांडीला क्विंटलला ३४२१ रुपये हमीभाव लावला होता, गव्हाला २४२५. तो म्हणाला, "अक्का, भाव बघू का माणसं बघू?" शाळू कापत नाहीत, उपटतात, मुळासकट. माणसापेक्षा उंच ताटं, वाकून वाकून उपटायची, पेंढ्या बांधायच्या, मग कणसं मोडायची. हातांना भेगा पडतात. त्या आधी महिनाभर पाखरं राखायची. हरभऱ्याला मशीन येतं आणि दोन तासांत रान मोकळं करून जातं. सोयाबीनलाही येतं. ज्वारीला माणूसच लागतो आणि माणूस उसाच्या तोडीला गेला, नाहीतर पुण्याला गेला. भावानं सात एकरांतली दोन एकर ज्वारी ठेवलीय, तीही धान्यासाठी कमी आणि कडब्यासाठी जास्त. दोन म्हशी आहेत ना. म्हणजे आम्ही जी भाकरी खातो ती म्हशींच्या कृपेनं.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मला अभिमान वाटला. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघालेली मालदांडी ३५-१ अजून लोक नावानं मागतात, याचाही वाटतो. २०२३ साल तर जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. पूर्वी ज्वारी-बाजरी भरड धान्य होतं, मग सरकारदरबारी पौष्टिक तृणधान्य झालं, आता श्रीअन्न म्हणतात. नावाआधी 'श्री' लागला की भाव चढणारच, लग्नाच्या पत्रिकेत बघा.

पण एक गोष्ट मला कळत नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असं लिहिलेलं आहे. म्हणजे कायदा करणाऱ्याला माहीत होतं की या देशात भाकरी खाणारी माणसं आहेत. आता २०२३ पासून सगळंच फुकट झालं, पण आमच्या पिशवीत पडतो तो गहू आणि तांदूळच. मधे एकदा गव्हाऐवजी ज्वारी आली होती. दुकानात गलका झाला. आली ती संकरित, दाणा बारीक, वास कोंदट. मी धुऊन गच्चीत वाळवली, निवडली, दळली. भाकरी झाली, वाईट नव्हती. पण आमच्या चाळीतल्या निम्म्या बायांनी ती कोंबड्यांना घातली किंवा कुणाला देऊन तांदूळ घेतला. एकीनं तर तोंडावर सांगितलं, "आमच्यात कुणाला थापायला येत नाही." ती चाळिशीची आहे, सोलापुरातच जन्मलेली. मी तिला नावं ठेवणार नाही. पंधरा वर्षं घरात ज्वारी आली नाही तर हात कुठून बसणार?

तरी तेव्हा आम्हा म्हाताऱ्यांना बाहात्तरचा मिलो आठवला हे खरं. १९७२ च्या दुष्काळात मी पंधरा वर्षांची. दुष्काळी कामावर खायला सुकडी मिळायची, ती गोड लागायची, तिचं कौतुक होतं. पण रेशनवर तांबडी परदेशी ज्वारी आली, मिलो म्हणायचे. तिची भाकरी तव्यावर टाकताना दोन तुकडे व्हायची. वडील पानावर बसून राहायचे, हात लावायचे नाहीत. ज्या गावात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचं कोठार लोकांना उघडून दिलं, त्या गावचा माणूस तो. (कोठारात तेव्हा ज्वारीच असणार, गहू कुठला.) आई म्हणायची, खा, ही पण ज्वारीच आहे. ते म्हणायचे, ही आपली नाही. उपाशी माणसालाही चव असते हे मी तेव्हा बघितलं, म्हणून ज्यांनी रेशनची ज्वारी कोंबड्यांना घातली त्यांचा मला फार राग आला नाही.

तुमच्या लेखातल्या बाकीच्या युक्त्यांपैकी 'वर्षाचं धान्य एकदम भरा' हीसुद्धा तशीच. मार्चमध्ये सुगीला ज्वारी स्वस्त असते, कबूल. पण दोन क्विंटल घ्यायची तर दहा हजार रुपये एकदम हातात पाहिजेत, आणि ठेवायची कुठं? आमची खोली दहा बाय पंधरा. माहेरी कणगी होती, लिंबाचा पाला घालून धान्य वर्षभर राहायचं. इथं पलंगाखाली एक पोतं ठेवलं होतं, श्रावणात सोंडे किडे नातीच्या दप्तरात निघाले. ज्याच्याजवळ पैसा आणि जागा आहे त्यालाच ही बचत जमते. आम्ही आपले पाच-पाच किलोनं आणतो आणि दर वेळी दोन रुपये जास्त देतो.

आम्ही आता असं करतो. सोमवार ते शनिवार पोळी. रविवारी भाकरी, मी थापते. बुधवारी रात्री जमलं तर कण्या, ताकातल्या, त्याला थापावं लागत नाही आणि ज्वारी कमी लागते. नातू चौदा वर्षांचा आहे, त्याला मागच्या महिन्यापासून परातीपुढं बसवते. सून हसते. त्याच्या भाकरीला एका बाजूला पापुद्रा सुटतो, दुसरी बाजू कच्ची राहते. अजून तवा कधी तापला ते त्याला कळत नाही.

माझं मागणं दोनच. रेशनवर ज्वारी द्यायची तर आमच्याच जिल्ह्यातली, खाण्यासारखी द्यावी, आणि आधी सांगून द्यावी, म्हणजे ज्याला नको त्यानं गहू घ्यावा. आणि आपल्या लेखकांनी पुढच्या वेळी 'स्वस्त' लिहिण्याआधी बाजारात एकदा भाव विचारावा.

आपली,
एक वाचक, जोडभावी पेठ, सोलापूर

ता. क. : नाव छापू नये ही विनंती. घरातले आकडे दिलेत आणि सुनेला विचारलेलं नाही.

दुसरं, लेखासोबतच्या कृतीत 'पीठ थंड पाण्यात भिजवून अर्धा तास झाकून ठेवा' असं छापलंय. ते कणकेचं आहे. ज्वारीचं पीठ एका भाकरीपुरतंच घ्यायचं, कोमट पाण्यात, तळहातानं रगडून मळायचं आणि लगेच थापायचं. झाकून ठेवलंत तर पुण्याच्या त्या बाईसारखी कणीक घालावी लागेल.