मनोऱ्याची उंची छापता, मग खड्ड्याची खोली का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकासोबत आलेली घरांची रंगीत पुरवणी सवडीने वाचली. एका मजल्यावर एकच घर, गच्चीवर पोहण्याचा तलाव, इटालियन मार्बल, लिफ्टमधून पाऊल थेट दिवाणखान्यात. कोणत्या मजल्यापासून लक्ष्मी विलास पॅलेस दिसू लागेल, हेसुद्धा सांगितलं आहे. तळघरं किती खोल जाणार आणि ती खणताना उपसलेलं पाणी कुठे सोडणार, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. म्हणून हे पत्र.

मी बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे इथल्या जुन्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकलेला, आता निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता. उंच इमारती नकोत म्हणून गळा काढणाऱ्यांतला नाही. शहर भायली-वासणाच्या पुढे शेतं गिळत पसरण्यापेक्षा थोडं वर गेलं तर बरंच. २०२० साली राज्य सरकारने अहमदाबाद, गांधीनगर, सुरत, राजकोट आणि बडोदे या पाच शहरांत शंभर मीटरपेक्षा उंच इमारतींना वाट मोकळी करून दिली. नियमही वाईट नाहीत. समोरचा रस्ता रुंद हवा, वाऱ्याची चाचणी हवी, आराखडा खास तांत्रिक समितीने तपासायला हवा. वाऱ्याचं म्हणाल तर इमारतीचा हिशेब करताना धरायचा म्हणून भारतीय मानकाने बडोद्यासाठी दिलेला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. अहमदाबादला तोच ३९ धरतात. पुरवणीत याचं भाषांतर ‘बाल्कनीतली मंद झुळूक’ असं झालेलं दिसतं!

उंच आणि आलिशान बांधायची भीती आपल्या गावाला नवी नाही. लक्ष्मी विलास पॅलेसचा मूळ आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. आपली आकडेमोड चुकली, इमारत उभी राहणार नाही, या धास्तीने त्यांचं डोकं फिरलं असं जुनी माणसं सांगत. खरं-खोटं देव जाणे. १८८१ साली ते गेले आणि रॉबर्ट चिझम यांनी १८९० पर्यंत काम तडीस नेलं. पॅलेस आजही ठणठणीत उभा आहे, तेव्हा आकडे बरोबरच होते. पण रात्रीची झोप उडालेला अभियंता मला कधीही चालेल. कॉम्प्युटरने छापून दिलेल्या कागदावर न बघता सही ठोकणाऱ्याची मात्र मला धडकी भरते.

आता जमिनीकडे येतो. बडोदे बसलं आहे ते नद्यांनी आणून टाकलेल्या गाळावर. वाळू, चिकणमाती, मध्येच काळ्या मातीचा थर. ही काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मुंबईसारखा कातळ इथे जवळ सापडत नाही. त्यामुळे उंच इमारतीचे पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, बऱ्याचदा खडकावर टेकत नाहीत, मातीच्या घर्षणावरच भार पेलतात. हे शास्त्रशुद्ध आहे, जगभर होतं. फक्त त्या मातीला कोणी छेडू नये, इतकंच.

छेडलं तर काय होतं, यावर सॅन फ्रान्सिस्कोत मोठा वाद झाला. तिथला मिलेनियम टॉवर ५८ मजल्यांचा, २००९ साली पुरा झालेला, घरांच्या किमती डोळे पांढरे करणाऱ्या. त्याचे पाइल खडकापर्यंत गेलेच नव्हते. इमारत दीड फुटाच्या आसपास खचली आणि वर एका बाजूला कलली. विकासकाने बोट दाखवलं शेजारच्या बस-रेल्वे स्थानकाच्या खड्ड्याकडे: त्यांनी पाणी उपसलं म्हणून आमची जमीन बसली. स्थानकवाले म्हणाले, तुमचा पायाच कच्चा. शेवटी कडेने खडकापर्यंत नवे पाइल घालावे लागले. इतके पैसे, इतके वकील, इतके तज्ज्ञ असलेल्या इमारतीची ही गत. मग पन्नास वर्षांपूर्वीच्या विटांच्या टेनामेंटने, म्हणजे आमच्यासारख्या साध्या घराने, कुणाकडे बघायचं?

कारण आमच्या सोसायटीला लागूनच असा एक खड्डा सध्या खणला जातोय. बिल्डरचं नाव लिहीत नाही, भांडण एकट्या त्याच्याशी नाही. तीन तळघरांचं काम आहे. रात्रंदिवस पंप चालतात आणि जाडजूड पाइप पाणी थेट पावसाळी गटारात सोडतो. येताजाता लोक त्या पाण्याकडे बघतात आणि केवढी नासाडी म्हणून हळहळतात. त्यांनी वाकून गटाराच्या तळाशी बघावं. तिथे बारीक, पिवळसर वाळूचा थर साचला आहे. चिमटीत घेतली तर रव्यासारखी लागते. नितळ पाणी येत असेल तर एक वेळ समजू शकतो. पाण्याबरोबर वाळू येते आहे याचा अर्थ कुणाच्या तरी पायाखालची माती पाइपातून वाहून चालली आहे. शेजारच्या वहिनींनी मला बोलावून दाखवलं, “काका, देवघराचं दार लागतच नाहीये हो, आणि बघा, चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर वर गेलीय.” त्या चिरेवर मी काचेची पट्टी चिकटवून तारीख घातली. भिंत हलली की काच तडकते. साधा, जुना उपाय. काच तडकली.

साइटवर विचारायला गेलो तर उत्तर ठरलेलं: “चीर आधीचीच असेल, अंकल. जुनं बांधकाम आहे.” आणि आधीचा फोटो कुणाकडे असतो? देवघराच्या चौकटीचे फोटो काढून ठेवतं कोण?

कायदा पाहिला तर तो शेजाऱ्याला अगदीच विसरलेला नाही. १८८२ चा सुविधाधिकार कायदा शेजारच्या जमिनीच्या आधाराचा हक्क मान्य करतो. घर वीस वर्षं निर्वेधपणे त्या आधारावर उभं असेल तर घराच्या भारासकट. पण तो हक्क कोर्टात जाऊन शाबीत करायचा, तोवर भिंत थांबेल का? रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठी केलेला बिल्डरांवरचा कायदा, बघावा तर त्यातली पाच वर्षांची बांधकामदोषाची हमी फ्लॅट घेणाऱ्याला. सत्ताविसाव्या मजल्यावरच्या टाइलला तडा गेला तर दाद आहे, आणि खाली ज्याचं घर फाटलं त्याने फिरावं वकिलांच्या दारोदार. खड्ड्याची भिंत धरून ठेवायला तिरपे अँकर, म्हणजे मातीत आत रुतवलेले पोलादी ताण, मारतात, ते कधी कधी शेजाऱ्याच्या प्लॉटखालीही शिरतात. आमच्याकडे शिरले का, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

इंग्लंडमध्ये १९९६ पासून यावर कायदा आहे. शेजारच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत तिच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि शेजाऱ्याच्या घराची आधीची अवस्था फोटोंसकट नोंदवून ठेवायचा रिवाज आहे. हे आपल्याला न झेपण्यासारखं काय आहे? महापालिकेने रजाचिठ्ठी, म्हणजे बांधकामाची परवानगी, देतानाच अट घालावी: खणायच्या आधी आजूबाजूच्या घरांची पाहणी, खर्च बिल्डरचा, आणि तिची एक प्रत घरमालकाच्या हातात. पाहणी बिल्डरच्या माणसाकडून नको. कलाभवनात, म्हणजे आजच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, प्राध्यापक आहेत, हे काम शिकणारी पोरं आहेत. जमीन किती खचली याच्या आठवड्याच्या नोंदी साइटच्या बोर्डावर लावाव्यात. सध्या त्या बोर्डावर काय आहे? परदेशी जोडपं, हातात कॉफीचा मग.

तळघरांविषयी आणखी एकच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा मगरींचे व्हिडिओ देशभर फिरले. कितीतरी तळघरांत पाणी शिरून गाड्या बुडाल्या, ते आम्ही इथे पाहिलं. टॉवरचे विजेचे पॅनेल आणि आगीचे पंप याच तळघरात असतील, तर वरची मंडळी लिफ्टविना, पाण्याविना अडकणार. तीस मजले जिन्याने चढून जाणारा दूधवाला अजून जन्माला यायचाय.

तुमच्याकडे एक विनंती. पुढच्या पुरवणीत प्रत्येक प्रकल्पाच्या चौकटीत मजले आणि कार्पेट एरियाच्या खाली तीन ओळी वाढवा: खोदकाम किती मीटर, पायाच्या आराखड्याची तपासणी कोणी केली, उपसलेलं पाणी कुठे जातं. जाहिरातदार नाराज होतील, ठाऊक आहे. ज्याने तो रकाना कोरा सोडला, त्याचा कोराच छापा.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
जुना पादरा रोड, बडोदे