आवडता बँड बदलतो, त्यात कानांचाही हात

महोदय,

वय वाढलं की एसी/डीसीसारखा दणदणीत रॉक बँड सुटतो आणि पिंक फ्लॉइडसारखा संथ बँड जवळचा होतो, याला सरसकट पोक्तपणा म्हणणं घाईचं आहे. किशोरवयापासून विशीपर्यंत ऐकलेलं संगीत आठवणीत सर्वांत घट्ट बसतं, हे खरं. पण कानांचं काय? लहानपणी २०,००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सूर किती उंच ते मोजायचं एकक) ऐकू येतं. पन्नाशीपुढे बहुतेकांची मर्यादा १२,०००च्या आसपास किंवा त्याखाली येते. सिंबलची, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजेची, वरची चमक विरते, बास (खालचे सूर) मात्र तसाच राहतो. मग लेड झेपेलिन ऐकताना त्यांच्या बास गिटारवादक जॉन पॉल जोन्सकडे लक्ष जाऊ लागतं. (जायलाच हवं होतं, उशिरा का होईना.)

जुना बँड अचानक कर्कश वाटला, तर आधी कोणती आवृत्ती वाजतेय ते पाहा. १९९०नंतरच्या अनेक रीमास्टरमध्ये, म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणाच्या नव्याने तयार केलेल्या आवृत्त्यांमध्ये, कॉम्प्रेशन वाढवून लहान-मोठ्या आवाजातलं अंतर दाबून टाकलेलं असतं. स्नेअर ड्रमचा ठोका उठत नाही, कान लवकर शिणतात. मेटॅलिका बँडच्या २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बमवर याच कारणाने टीका झाली होती. जुनी आणि नवी आवृत्ती ताडून पाहताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या; नाहीतर जी मोठ्याने वाजते तीच सरस वाटते. नवीच आवृत्ती हाताशी असेल, तर इक्वलायझरवर (सुरांचे पट्टे वेगवेगळे वर-खाली करायची सोय) ३ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा २ डेसिबलने उतरवा. बोचरेपणा बराच कमी होतो; दबलेला ठोका मात्र त्याने परत येत नाही.

– एक वाचक