वीटभट्टीची उचल घरात येण्याआधी: प्रशिक्षणासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

गणपती गेले. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आता वीटभट्टीचे मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन फिरू लागतील. एकदा उचल घरात आली की दिवाळीनंतर अख्खे कुटुंब भट्टीवर, ते थेट पावसाच्या तोंडावर परत. रिजनरेटिव्ह शेती (मातीचा कस पुन्हा उभा करणारी शेती) आणि जंगलाच्या संवर्धन आराखड्याच्या व्यावसायिक प्रशिक्षणासाठी आपण जी १८ मुले-मुली निवडली आहेत, त्यांतली निम्म्याहून अधिक अशाच घरांतली आहेत. त्यांना दसऱ्याच्या आत मानधनाचा पक्का शब्द द्यायचा आहे, म्हणून ही घाई.

मंडळाच्या पाठीशी ठाणेकर कसे उभे राहिले, हे नव्या सभासदांना कळायलाच हवे. येऊरच्या पायथ्याची रोपवाटिका नौपाड्यातल्या आपल्या बाईंमुळे उभी राहिली. निवृत्तीच्या रकमेतून त्यांनी पहिले पैसे दिले, आणि पावतीपलीकडे नाव कुठेही येऊ दिले नाही. आजही लिहीत नाही, पण जुन्या मंडळींना सांगायची गरज नाही. जांभळी नाक्यावरच्या शेठनी टिकाव, फावडी, घमेली दिली आणि देताना एकेक दांडा स्वतः ठोकून पाहिला. त्यातली बरीचशी अजून कामावर आहेत. राबोडीच्या टेम्पोवाल्या भाऊंनी किती वर्षे मुरबाडपर्यंत रोपे पोहोचवली, आणि घेतले ते फक्त डिझेलपुरते. भजनी मंडळाच्या भगिनींनी नवरात्रातली बिदागी परस्पर आपल्याकडे वळवली. आणि कृषी खात्यातून निवृत्त झालेले आपले सर! गुडघे दुखत असताना बांधावर बसून मुलांना माती शिकवणारा असा माणूस मंडळाला लाभला, हे आपले भाग्य.

सरांनी वार्षिक सभेत केलेला प्रयोग अनेकांनी पाहिला आहे. काचेच्या दोन बरण्यांत पाणी आणि त्यात दोन वाळली ढेकळे सोडली. एक दरवर्षी नांगरट आणि चिखलणी होणाऱ्या खाचरातले. ते बघता बघता विरघळले आणि पाणी गढूळ झाले. दुसरे काही हंगाम न नांगरलेल्या गादीवाफ्यावरचे. त्यातून बुडबुडे आले, पण ढेकूळ जसेच्या तसे राहिले, कारण जुन्या भाताची मुळे जमिनीतच ठेवलेली होती आणि मुळांनी, बुरशीच्या तंतूंनी मातीचे कण धरून ठेवले होते. आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. कोणती माती तो मुरवून घेणार आणि कोणती त्याच्याबरोबर ओढ्यात वाहून जाणार, हे त्या टेबलावरच दिसले.

न नांगरता भात घेण्याची ही पद्धत नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या एसआरटीची, म्हणजे सगुणा राइस तंत्राची. वाफे एकदाच करायचे, बी साच्याने टोकायचे. चिखलणी नाही, लावणी नाही. (तिच्यातल्या तणनाशकाबद्दल मंडळात दुमत आहे. प्रशिक्षणात दोन्ही बाजू मांडल्या जातील.) आमच्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी की रोपे तयार करायची नसली की राब, म्हणजे रोपांच्या जागेवर पसरलेला फांद्या-पाचोळा, भाजावा लागत नाही, आणि राब भाजायचा नसला की उन्हाळ्यात ऐनाच्या फांद्या तोडाव्या लागत नाहीत. खाचरात झालेला बदल असा जंगलापर्यंत पोहोचतो. म्हणूनच शेती आणि संवर्धन हे दोन वेगळे वर्ग ठेवलेले नाहीत.

दुसरा भाग आराखड्याचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळतो. त्या जंगलाच्या संवर्धनाचा आणि व्यवस्थापनाचा आराखडाही ग्रामसभेच्याच समितीने करायचा असतो. आम्ही पाहिलेल्या काही गावांत तो बाहेरच्या माणसांनी येऊन लिहून दिला आणि कपाटात गेला. गावातल्याच मुलीला नकाशा वाचता आला, माथा ते पायथा उतार मोजता आला, समतल चराची (उतारावर पाणी अडवणाऱ्या आडव्या चराची) आखणी आणि माती परीक्षण करता आले, तर ग्रामसभा तिला हक्काने बोलावील आणि तिच्या कामाचे पैसे देईल. आम्हाला हौशी कार्यकर्ते नकोत, पोट भरेल अशा कसबाची माणसे हवी आहेत. आपल्या नळाला शहापूरच्या भातसा धरणाचे पाणी येते आणि त्याच शहापुरात उन्हाळ्यात टँकर फिरतात. एवढे तरी आपण देणे लागतो.

गेल्या वर्षी याच कामासाठी हाक दिली तेव्हा ग्रुपवर टाळ्या आणि जोडलेले हात भरपूर आले, पावतीपुस्तक मात्र अर्धेही भरले नाही. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या संकुलातून आमच्या दोन ज्येष्ठ सभासदांना गेटवरूनच परत पाठवण्यात आले. निवडलेल्या मुलांना पुढच्या वर्षी बघू म्हणावे लागले. त्यातली एक हुशार मुलगी त्या हंगामात भट्टीवर विटा थापत होती. हे लिहायचे नव्हते, पण मनाला लागले आहे. यंदा तिचे नाव यादीत पहिले आहे.

तपशील: कालावधी भाऊबीजेनंतर ६ महिने, त्यानंतर पावसाळ्यात प्रत्येकाने घरच्या खाचराचा एक तुकडा करून दाखवायचा. मानधन दरमहा ९,००० रुपये, १८ जणांचे ९,७२,००० रुपये, प्रवास, निवास, साधने, प्रशिक्षक २,२८,०००, एकूण १२,००,०००. जमा ३,४०,०००, कमी ८,६०,०००. ५४,००० रुपयांत एका मुलाचे पूर्ण मानधन; चार शेजाऱ्यांनी मिळून उचलले तरी चालेल. चेक किंवा ऑनलाइन, खाते नेहमीचेच, क्रमांक पावतीच्या मागे. रोख असल्यास पावती घेतल्याशिवाय देऊ नये. चालू स्थितीतला लॅपटॉप, मोजपट्टी, डम्पी लेव्हल (जमिनीची उंची-सखलता मोजण्याची दुर्बीण) यांचीही गरज आहे. कार्यालय रोज संध्याकाळी ६ ते ८, रविवारी बंद. यादी दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंतिम होईल, त्यानंतर आलेली रक्कम पुढच्या तुकडीसाठी धरली जाईल.

मंडळाच्या वतीने,
सचिव