अंगावरून पांढरं जाणं आणि त्यावर चालणारा धंदा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी दैनिकांच्या छोट्या जाहिरातींत 'श्वेतप्रदर, स्त्रियांचे सर्व विकार, खात्रीशीर उपचार' अशी चौकट आणि खाली मोबाइल नंबर असतो. श्वेतप्रदर म्हणजे अंगावरून पांढरं जाणं. पुरवणीत 'इंटिमेट वॉश'ची, म्हणजे योनीचा भाग धुवायच्या द्रवाची, रंगीत जाहिरात असते. माल वेगळा, गिऱ्हाईक एकच: आपल्या अंगात काहीतरी घाण आहे, असं जिच्या मनावर बिंबलंय ती बाई. म्हणून थोडं सविस्तर लिहीत आहोत.

पाळी सुरू होते तेव्हापासून ती जाईपर्यंत योनीतून रोज थोडा स्राव येतोच, साधारण 1 ते 4 मिली, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी. पुढच्या पाळीच्या सुमारे 14 दिवस आधी, बीज बाहेर पडायच्या वेळी, तो पारदर्शक आणि चिकट होतो, बोटांत ताणला तर तार धरतो. नंतर घट्ट, दुधाळ होतो. गरोदरपणात वाढतो. कपड्यावर वाळला की पिवळसर दिसतो. काळ्या किंवा गडद निळ्या चड्डीचा मधला पट्टा काही महिन्यांत फिकट नारिंगी पडतो आणि बायका तो घासघासून काढायला बघतात. तो निघणार नाही, कारण तिथला रंगच उडालेला असतो. स्राव आम्लधर्मी असल्याची ती खूण आहे, आणि ती चांगली खूण आहे.

हे आम्ल तयार करतात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू. योनीच्या अस्तरातल्या साखरेपासून ते लॅक्टिक आम्ल बनवतात, पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 3.8 ते 4.5 राहतो आणि बाकीच्या जंतूंना तिथे बस्तान बसवता येत नाही. अंघोळीच्या साबणाचा पीएच 9 ते 10 असतो. साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी किंवा जेट स्प्रेची धार आत गेली की हे जिवाणू कमी होतात, दुसरे वाढतात, वास येऊ लागतो. वास आला म्हणून बाई आणखी धुते. इथेच बाटली विकली जाते. 'पीएच संतुलित' असं छापलेलं असलं तरी आत काहीच घालायचं नसतं आणि बाहेरच्या त्वचेला साधं पाणी पुरतं. दिवसातून एकदा-दोनदा, पुढून मागे, एवढंच. रोज पँटी लायनर लावू नये, ओल कोंडून खाज सुटते. आणि निकर उन्हात वाळवा. दोरीवर परकराखाली लपवून वाळत घातलेली चड्डी पावसाळ्यात दिवसभर दमट राहते, तीच दुसऱ्या दिवशी अंगावर जाते.

मग आजार कधी म्हणायचा? दह्याच्या गोळ्यांसारखा स्राव आणि जोडीला असह्य खाज असेल तर बुरशी, म्हणजे कॅन्डिडा. प्रतिजैविकांचा कोर्स, मधुमेह, गरोदरपण ही त्याची नेहमीची कारणं. क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी किंवा फ्लुकोनॅझोल 150 मिग्रॅची एक गोळी, पण गरोदर असताना फ्लुकोनॅझोल घ्यायची नाही. वारंवार होत असेल तर आधी रक्तातली साखर तपासा. पातळ, करडा स्राव आणि संबंधानंतर वाढणारा माशासारखा वास असेल तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा तोल बिघडणं. मेट्रोनिडॅझोल 400 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 7 दिवस. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून गोळ्या सोडल्या की तो परत येतो. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास या संबंधातून पसरणाऱ्या परजीवीचा असतो. इथे नवऱ्याने औषध घेतलं नाही तर बायकोचा उपचार फुकट जातो, आणि नवरा 'मला काही होत नाही' म्हणून बहुधा घेत नाही. ओटीपोटात दुखणं आणि ताप असेल तर हे कुठलंच घरगुती प्रकरण नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांचा दवाखाना) तपासणी आणि औषध मोफत मिळतं.

कोणी म्हणेल, सगळं नॉर्मल म्हणून बायकांना घरी पाठवायचं का? तसं नाही. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली, तो अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. दुसरीकडे, गोव्यातल्या स्त्रियांवरचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पांढरं जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताण आणि घरातल्या परिस्थितीशी जास्त घट्ट दिसला. म्हणजे तपासल्याशिवाय गोळ्या लिहून देणं जितकं चूक, तितकंच तपासल्याशिवाय 'काही नाही हो' म्हणणंही चूक.

'पांढरं जातं म्हणून हाडं झिजतात, कंबर दुखते, थकवा येतो' हे घरोघरी ऐकू येतं. चमचाभर स्रावाने हाडं झिजत नाहीत. थकव्याचं कारण बहुतेक वेळा रक्तात सापडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-5 नुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा निदान तासभर लांब ठेवावा. शौचाला काळं झालं तर घाबरून गोळी बंद करू नये.

सगळ्यात वाईट टोक म्हणजे पिशवी काढणं. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या वेळी झालेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कारखान्यावर पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, पाणी नाही, हे त्यामागचं एक कारण. दुसरं कारण दवाखान्यात तयार होतं. सोनोग्राफीच्या कागदावर 'बल्की युटेरस' लिहिलेलं असतं, त्याचं 'पिशवीला सूज' होतं. गर्भाशयमुख लालसर दिसतं, त्याची 'जखम' होते. पुढचं वाक्य ठरलेलं: 'पुढे कॅन्सर होईल.' मुलं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असणं हा आजार नाही. तरुण वयातली ती लाली बहुतेक वेळा नैसर्गिक असते. आणि बुरशी काय, व्हजायनोसिस काय, दोन्ही योनीत होतात. पिशवी काढूनही पांढरं जाणं थांबत नाही. अंडाशयंही काढली तर पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडं खरोखर तेव्हा झिजतात. म्हणून सही करण्याआधी विचारा: गर्भाशयमुखाची तपासणी झाली का? अस्तराचा तुकडा तपासला का? औषधं किती महिने दिली? अंडाशयं ठेवणार का? उत्तर देताना डॉक्टर चिडले तर दुसरा डॉक्टर गाठा.

कॅन्सरची भीती खरी आहे, पण तिला खरा उपायही आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी दर 5 वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी आहे: ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का पाहायचं. संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त, रक्तमिश्रित दुर्गंधी पाणी, यातलं काहीही असेल तर त्या 5 वर्षांची वाट पाहू नका.

आता रंगाविषयी. जांघा आणि योनीभोवतीची त्वचा उरलेल्या अंगापेक्षा गडद असते, गोऱ्या बाईचीही. वयात येताना आणि गरोदरपणात हार्मोनमुळे ती आणखी गडद होते. आतले ओठ एक लांब, एक आखूड असणं हीच सामान्य गोष्ट. लंडनमध्ये 50 स्त्रियांची मोजणी 2005 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात लांबी 20 पासून 100 मिमीपर्यंत निघाली. मान, काख आणि जांघ मखमलीसारखी जाड आणि काळी होत असेल तर मात्र साखर तपासा, ते शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असतं. क्रीम लावून काही होत नाही. उलट केमिस्टने हातावर ठेवलेली स्टिरॉइडमिश्रित ट्यूब जांघेत लावली की गजकर्णाची खाज चार दिवस थांबते, कडा पुसट होतात आणि आत ते पसरत राहतं. त्वचा पातळ होऊन पडलेले पांढरे ओरखडे नंतर जात नाहीत.

आणि जाहिरातींचं. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा 1954 चा आहे. त्याच्या अनुसूचीत गर्भाशयाचे विकार, पाळीच्या तक्रारी, सर्वसाधारण स्त्रीरोग, इतकंच काय स्तनांचा आकार सुधारण्याचे दावेही आहेत. या विकारांवर औषधाची जाहिरात करणं आणि ती छापण्यात भाग घेणं, दोन्ही गुन्हा आहे. आपल्या जाहिरात विभागाने मजकूर स्वीकारण्याआधी ती अनुसूची एकदा वाचावी आणि त्या चौकटी घेणं बंद करावं, ही विनंती.

आपले,
स्त्री-आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका