खलनायकांवर पण लिहा की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.
रविवारच्या पुरवणीतला वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या सिनेमांवरचा लेख आवडला पण सगळा हिरोंवरच, खलनायक रंगवणाऱ्या ली व्हॅन क्लीफचं साधं नावसुद्धा नाही हे बघून खरंच वाईट वाटलं. १९५२ च्या ‘हाय नून’मध्ये हा माणूस पहिल्यांदा पडद्यावर आला, अख्ख्या सिनेमात एक डायलॉग नाही, नुसते ते बारीक डोळे आणि धारदार नाक, तरी लक्षात राहतो. मग वर्षानुवर्षं तेच, सिनेमा असो की टीव्ही, गुंड व्हायचं आणि मरायचं. १९५८ ला गाडीचा अ‍ॅक्सिडेंट झाला, गुडघा गेला, कामं आटली, चित्रं काढायला लागला. चाळिशीला आलेल्या या नटाला इटलीच्या दिग्दर्शक सर्जिओ लिओनेने उचललं आणि १९६५ च्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर’मध्ये कर्नल मॉर्टिमर दिला. तो तर व्हिलनच नाही हो, बहिणीचा सूड घ्यायला निघालेला भाऊ, शेवटी इनामाचा पैसा न घेता घोड्यावरून निघून जातो, तो सीन मी कितीदा बघितला असेल! पुढच्याच वर्षी ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’मध्ये परत थंड डोक्याचा खुनी, एंजल आईज.

आपल्या निळूभाऊ फुल्यांचंही तसंच ना, बाया खऱ्याच शिव्या घालायच्या. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, नाशकात त्यांचं स्मारक आहे, तिथे अशा नटांचे सिनेमे दाखवावेत आणि तुम्ही पुरवणीचं एक पान द्यावं ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, पंचवटी, नाशिक